एकवीस मिनिटांचा रस्ता

"आई, आजच म्हणतायत," मृणाल फोनवर म्हणाली.

मी कुकरचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. साधी तपासणी म्हणून ती एकटीच दवाखान्यात गेली होती. अकरापर्यंत परत येईन, वरणभात लावून ठेव, एवढंच सांगून गेली होती.

"काय झालं गं? नीट सांग बघू."

"पाणी कमी झालंय. बाळाचे ठोके मधूनच कमी होतायत. डॉक्टर म्हणतात, थांबण्यात अर्थ नाही. पावणेबाराला आत नेणार. सिझर." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तू ये ना. आई आल्याशिवाय मला नेऊ नका म्हणून सांगितलंय मी. पण ते किती ऐकतील, काय माहीत."

"निघालोच."

"टॅक्सी कर. खालच्या दुकानवाल्या बाईला फोन दाखव, ती बोलवून देईल. चालत निघू नकोस हं. आई, ऐकतेयस ना?"

"ऐकालोय," मी म्हटलं आणि गॅस बंद केला.

आमच्या गडहिंग्लजकडे बायकासुद्धा 'आलो, गेलो'च म्हणतात. मृणाल पुण्याला शिकायला गेली आणि 'आले, गेले' करायला लागली. एरवी मी तिला त्यावरून चिडवते. त्या दिवशी तसलं काही सुचलं नाही.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कोरियात गोजे नावाचं बेट आहे, तिथे मोठाली जहाजं बांधतात. माझे जावई निरंजन तिथे इंजिनियर होते. जहाज नवं तयार झालं की चार-पाच दिवस खोल समुद्रात नेऊन तपासतात, तसे ते गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. बाळंतपणाची दिलेली तारीख अजून तीन आठवडे लांब होती, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. मला तिथे येऊन सहा दिवस झाले होते आणि सहा दिवसांत मी एकटी त्या खालच्या दुकानापलीकडे गेले नव्हते.

जहाजावर जायच्या आदल्या दिवशी निरंजनरावांनी माझ्या फोनमध्ये दोन गोष्टी घालून दिल्या होत्या. "आई, आपल्याकडचा नकाशा इथे चालत जायचा रस्ता दाखवत नाही. हा इथला आहे. घर आणि दवाखाना, दोन्हींवर खूण केलीय. नुसतं बोट लावायचं, की निळी रेघ येते. आणि हे दुसरं. यात मराठीत बोललात की ते कोरियनमध्ये बोलतं."

मी म्हटलं, "मला काय करायचं ते? अठरा वर्षं गडहिंग्लज डेपोला कंडक्टर हाय मी. मला रस्ता दाखवणारा अजून जन्माला यायचाय."

ते हसले. जावई असल्यामुळे त्यांना हसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

खाली उतरले तर दुकानवाली मालाच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालत होती. मी दोन मिनिटं थांबले आणि तेवढ्यात फोनवर त्या दवाखान्याच्या खुणेला बोट लावलं. निळी रेघ उमटली. गाडीने जायचं तर टेकडीला पुरा वळसा. चालत गेलं तर टेकडीवरून थेट: एक पूर्णांक चार किलोमीटर, एकवीस मिनिटं. मी मनात हिशेब केला. या बाईला समजावण्यात पाच मिनिटं, टॅक्सी यायला दहा, वळसा घालायला पंधरा. आणि इथे नुसती एकवीस. दीड किलोमीटर म्हणजे आमच्याकडे तालमीपासून बाजारपेठ. मी चप्पल काढून पिशवीतले बूट चढवले आणि चालायला लागले. लेकीने नको म्हणून सांगितलेलं मी पहिल्या पाच मिनिटांतच केलं.

एवढी घाई का, तेही सांगते. मृणालची ही दुसरी खेप. त्याआधी दोन वर्षं, पुण्यात असताना, सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. त्या दिवशी मी आंबोलीच्या गाडीवर होते. घाटात फोनला रेंज नव्हती. डेपोत परतल्यावर निरोप कळला, रात्रभर प्रवास करून सकाळी पोचले, तोवर सगळं होऊन गेलं होतं. निरंजनराव तेव्हाही जहाजावर. ती एकटीच आत गेली आणि एकटीच रिकामी बाहेर आली. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलीस." रागाने म्हणाली असती तर मला सोसलं असतं. यावेळी मी तिच्या आधी तिथे असणार होते. त्याचसाठी साठवलेली सगळी रजा एकत्र करून आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. फोनमधली बाई इंग्रजीत "डावीकडे वळा", "सरळ जा" म्हणत होती आणि मी वळत होते. मग चढ लागला. नकाशावर चढ दिसत नाही. निळी रेघ कागदावर ओढल्यासारखी सपाट आणि पायाखाली मात्र जिनेच जिने, दोन्ही बाजूंना एकमेकांच्या डोक्यावर बसलेली घरं. दाराएवढ्या रुंदीच्या गल्ल्या. पाट्या सगळ्या कोरियनमध्ये. मला गाव ओळखायचं तर पाटी लागते, नाहीतर वडाचं झाड, मारुतीचं देऊळ, असं काहीतरी. इथे प्रत्येक भिंत शेजारच्या भिंतीची बहीण. मी थांबले की फोनमधला बाण स्वतःभोवती फिरायचा आणि मी चालले की भलतीकडे तोंड करायचा.

वर एका वळणावर कुणीतरी रस्त्याच्या कडेला चटई टाकून लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. आमच्या संकेश्वरी मिरचीसारख्या लांबट, पण जरा जाड. शेजारी एक म्हातारी उकिडवी बसून त्या उलटत होती. पांढरे आखूड कुरळे केस, फुलाफुलांची ढगळ विजार, हातात गुलाबी रबरी हातमोजे. मी मिरच्यांना पाय न लावता कडेने गेले, तेव्हा तिने मान वर करून बघितलं. मिरच्यांना वळसा घालणारी बाई तिला बरी वाटली असावी. तिने हसून काहीतरी विचारलं.

मी दुसरं ॲप उघडलं आणि त्यात बोलले, "दवाखान्यात जायचंय. लेकीचं बाळंतपण आहे."

फोन कोरियनमध्ये बोलला. म्हातारी "आइगू!" म्हणून ताडकन उठली. माझ्या पोटाकडे बघून मग तिने स्वतःच्या पोटावर हाताने गोल काढून दाखवला. मी मान हलवली. तिने माझा दंड धरला आणि स्वतःच्या घरामागे, वरच्या अंगाला, कोबीच्या वाफ्यांकडे बोट केलं. माझा बाण खाली डावीकडे दाखवत होता.

मी तिला फोनची रेघ दाखवली. ती जोरजोरात मान हलवायला लागली. "आंदवे, आंदवे," असं काहीतरी म्हणत होती. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. ती भराभरा बोलली आणि फोनमधल्या बाईने त्याचं मराठी केलं: "जिना अडकला आहे. खाली जाऊ नका."

मला हसूच आलं. जिना कधी अडकतो का? लिफ्ट अडकते, गाडी अडकते. आणि ही कुठे पाठवतेय, तर कोबीत! अठरा वर्षांत मी अशी शेकडो माणसं बघितली आहेत. गावाकडचं कुणी "हे काय, पलीकडंच" म्हणालं की चांगले तीन मैल निघतात. मनात म्हटलं, म्हातारीला गप्पा मारायला कुणीतरी हवंय. घड्याळात अकराला पाच मिनिटं कमी होती. एकवीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. तिने आत जाऊन पाण्याचा पेला आणला, मी तो उभ्याउभ्या प्यायले. ती माझा दंड पुन्हा धरायला लागली, तेव्हा मी जरा जोरातच हात सोडवला.

पण पाणी दिलेल्या बाईचा असा हात झिडकारून जाणं मनाला बरं वाटेना. फोन अजून हातातच होता. मी म्हटलं, "बरं, येतो हं मावशी."

फोनने तेही तिला सांगितलं. एवढा वेळ अडवून धरणारी म्हातारी एकदम थांबली. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मान डोलवली, काहीतरी छोटंसं म्हणाली आणि बाजूला झाली. मला वाटलं, सुटले एकदाची.

खाली डावीकडे गेले. दोन वळणं, मग एक लांब उतरता जिना आणि त्या जिन्याच्या तोंडाशी माणसाच्या उंचीचा पत्रा ठोकलेला. त्यामागे हिरवी जाळी, सिमेंटची पोती, आणि अर्ध्या पायऱ्या खणून काढलेल्या. कामावर कुणी नव्हतं. जिना खरोखरच अडकला होता. फोनमधली बाई शांतपणे म्हणत होती, "सरळ जा."

मी परत फिरले. दुसरी गल्ली धरली, ती एका घराच्या मोरीपाशी संपली. तिसरी फिरून पुन्हा पत्र्याशी आली. फोन दरवेळी नवी रेघ काढायचा आणि दरवेळी त्याच जिन्याशी आणून सोडायचा. त्याचा तरी काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं. म्हातारीचं घर शोधावं म्हणून वर चढले तर तेही सापडेना. कुठल्या गल्लीतून आले होते तेच आठवेना. येताना मी रस्त्याकडे बघितलंच नव्हतं, नुसतं हातातल्या बाणाकडे बघत आले होते. प्रवाशाने असं केलं असतं तर मी त्याला गाडीभर ऐकवलं असतं.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी मृणालचा फोन.

"आई, कुठे आहेस?"

"आलोच बघ."

"टॅक्सीत आहेस ना?"

"अगं आलोच म्हणतोय न्हवं!"

"ते मला गाऊन घालायला लागलेत. आई, मला ना, पुण्याचंच सगळं आठवतंय. तोच वास येतोय इथे."

"काही आठवू नको. मी आलोच."

हे 'आलोच' आपण किती सहज म्हणतो. अंघोळीला पाणी काढायच्या आधी म्हणतो, चहा टाकायच्या आधी म्हणतो. मी पत्र्याशी उभी होते, दवाखाना खाली कुठेतरी झाडांमागे होता, आणि मी माझ्या लेकीला दोनदा खोटं सांगितलं होतं. मी पायरीवर बसले आणि रडले. वाट चुकलेल्या कितीतरी माणसांना मी दरडावून गाडीत बसवलं होतं, "रडतायसा कशाला, मी सांगतो की," म्हणून. आता मला दरडावायला तिथे कुणी नव्हतं. पत्रा किती उंच आहे, चढता येईल का, हे मी खरंच बघायला लागले.

तेवढ्यात वरून सपातांचा फट्फट् आवाज आला आणि पाठोपाठ ओरडणं. ती म्हातारी. हातात तेच गुलाबी हातमोजे, त्यांवर मिरचीचे लाल डाग. ती कोरियनमध्ये मला जे काही बोलत होती ते समजायला फोन लागत नव्हता. आमच्या आईने मला शेवटचं झापलं होतं तेही असंच होतं. तिने माझं मनगट धरलं आणि ओढलं. मी पंचाहत्तर किलोची बाई, ती माझ्या निम्म्याने, पण मी शेळीसारखी तिच्या मागे निघाले.

तिच्या अंगणातून, मिरच्यांच्या कडेने, घरामागच्या कोबीतून. मग एक पायवाट, चढाची नव्हे, टेकडीच्या कमरेवरून आडवी जाणारी. वाटेत गवताने मढलेला एक गोल उंचवटा होता. त्याच्यापाशी न थांबता ती त्याला दोन शब्द बोलली. तिच्या नवऱ्याची ती समाधी, हे मला पुढे कळलं. पुढे पाटाच्या कडेने उतार, मग कुणाच्या तरी गॅरेजमधून आत शिरून पलीकडे बाहेर. त्या घरातला माणूस जेवत होता, त्याने नुसतं बघितलं. पिशवीतला फोन सारखा इंग्रजीत सांगत होता, "तुम्ही मार्ग सोडला आहे. तुम्ही मार्ग सोडला आहे." म्हातारीने एकदा पिशवीकडे वळून त्यालाही झापलं.

अकरा एकोणचाळीसला आम्ही दवाखान्याच्या मागच्या दाराने आत शिरलो. काउंटरवरच्या मुलीला तिने माझ्याकडे बोट दाखवत असं काही सांगितलं की तीन माणसं धावली. लिफ्ट. तिसरा मजला. लांब बोळ. आणि बोळाच्या टोकाला ढकलगाडीवर मृणाल, डोक्याला निळी टोपी, डोळे दाराकडे.

"आई!"

"हाय मी. हितंच हाय."

"किती घामाघूम झालीस."

"चढ होता जरासा."

तिने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. डॉक्टरीण बाई आल्या, मला वाकून नमस्कार केला, घड्याळाकडे बघितलं. मी मृणालच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, "मी दारात बसतो. तू आत जा आणि बाहेर ये. मी उठणार न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

दार बंद झालं. मी बाकावर बसले. शेजारी कुणीतरी बसलं, म्हणून बघितलं तर म्हातारी. ती गेलीच नव्हती. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि माझा हात आपल्या हातात घेतला. तिच्या बोटांना मिरचीचा वास होता. आम्ही अशाच बसलो होतो. मी मनात देवाचं नाव घेत होते, ती ओठांत काही पुटपुटत होती. तिचा देव कोणता, ते मी कधी विचारलं नाही.

बारा वाजून सात मिनिटांनी आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण भलतंच चिडकं. मी उठले नाही, उठणार नाही म्हणून सांगितलं होतं ना. पण बसल्याबसल्या मला जे रडू फुटलं ते आवरेना. म्हातारी माझ्या पाठीवर थापट्या मारत होती आणि स्वतःही डोळे पुसत होती. पुसताना मिरचीचं बोट डोळ्याला लागलं आणि मग तिची जी धांदल उडाली, त्यात आम्ही दोघी रडतारडता हसायला लागलो.

यून नावाची एक नर्स बाहेर आली. तिला इंग्रजी येत होतं, माझ्याइतकंच, म्हणजे आमचं चांगलं जमलं. मुलगी झाली होती, दोन किलो चारशे ग्रॅम. दोघी ठीक होत्या. मृणालला टाके घालून अर्ध्या तासात बाहेर आणणार होते. मी तिचे हात धरले, आभार मानले, मग म्हातारीकडे वळून म्हटलं, "हिचेही माना. माझ्या वतीने सांगा. ही मला ओळखत नाही, तरी घरदार टाकून माझ्यामागे आली. का आली, ते विचारा."

यूनने विचारलं. म्हातारी बोलायला लागली ती बराच वेळ बोलत होती, मधेच हातांनी मिरच्या दाखवत, दार दाखवत, माझ्यासारखं घाईघाईने चालून दाखवत. यून आधी हसली, मग गंभीर झाली, मग मला म्हणाली, "त्या विचारतात, तुम्ही परत का आला नाहीत?"

"मी? परत?"

"तुम्ही म्हणालात, मी येते. म्हणून त्यांनी तुम्हाला सोडलं. त्यांना वाटलं, जिना बंद आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि येईल. त्या दारात उभ्या राहिल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. येते म्हणालेली बाई आली नाही, म्हणून शोधायला निघाल्या."

मी फोन काढला. दुसऱ्या ॲपमध्ये सगळं बोललेलं तसंच लिहिलेलं होतं. 'येतो हं मावशी' आणि त्याखाली कोरियन ओळ. यूनने वाचली. "बरोबर. 'मी परत येईन, मावशी.' मावशीसाठीसुद्धा आईच्या बहिणीचा शब्द घातलाय. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सगळे त्यांना आजी म्हणतात. मावशी म्हटल्याचंही त्यांना फार बरं वाटलंय."

मी यूनला समजावून सांगायला लागले. अहो, ते तसं नव्हे. आमच्याकडे निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत, ते अशुभ. कायमचं जायचं असलं तरी 'येतो'च म्हणतात. मी जायला निघाले होते, यायचं माझ्या मनातही नव्हतं. चूक माझ्या फोनची नाही, माझ्या भाषेची आहे.

यून माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्याकडेही असंच म्हणतात," ती म्हणाली. "निघताना. 'जाऊन येते.' आणि दारातलं माणूस म्हणतं, 'जाऊन ये.' पण ते फक्त स्वतःच्या घरातून निघताना. मुलं शाळेला निघाली की आईला म्हणतात. पाहुणे नाही म्हणत."

तिने हे सगळं म्हातारीला सांगितलं. मला वाटलं, आता हिला कळेल की मी तिला नुसती वाटेला लावत होते, आणि वाईट वाटेल. ती नीट ऐकून घेत होती. मग माझ्या हातावरून हात फिरवत ती यूनशी हळू आवाजात चारच वाक्यं बोलली. यूनने ती मला सांगितली.

"त्या म्हणतात, माझी तिन्ही मुलं सोलला असतात. माझ्या दारातून निघताना असं कुणी म्हणालं, त्याला अकरा वर्षं झाली. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते असो. पण ज्या घरातून कुणी तसं सांगून बाहेर पडतं, त्या घरातल्या माणसाने वाट बघायची असते, आणि वेळ झाली की शोधायला निघायचं असतं."

अठरा वर्षांत हजारो माणसं माझ्या गाडीतून उतरली. "येतो हं बाई" म्हणणारेही त्यांत कितीतरी. मी घंटी मारून पुढच्या थांब्याचा विचार करायची. आपल्या तोंडातला रोजचा शब्द कुणी असा जपून ठेवून त्याप्रमाणे वागू शकतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, परक्या मुलखात, एका मिरच्या वाळवणाऱ्या बाईने शिकवलं. मी उठून तिच्या पाया पडले. ती दचकली, आणि मग सावरून, विजारीच्या घड्या नीट करून, पाठ ताठ करून बसली, जशी आपल्याकडे वडीलधारी माणसं नमस्कार घ्यायला बसतात. माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला.

पुढे तीन महिने मी तिथे होते. पायवाटेने रोज तिच्याकडे जायचे. ती बाळंतिणीसाठी समुद्रातल्या शेवाळाचं सूप करून ठेवायची, मी तिला डिंकाचे लाडू न्यायचे. फोन घरी ठेवून जायचे. निरंजनराव म्हणायचे, "आई, निदान नकाशा तरी असू दे." मी म्हणायचे, "नकाशात तिचा कोबी नाही." नात आता दुसरीत आहे. मावशी दोन वर्षांपूर्वी गेल्या. यूनने कळवलं. मी त्यांच्या नावाने घरात दिवा लावला, अजून लावते.

पण त्या दिवशी दुपारी मृणालला बाहेर आणलं, ते सांगायचं राहिलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, कुशीत कापडात गुंडाळलेलं चिडकं बोचकं. मी त्याच बाकावर होते. तिने डोळे किलकिले करून मला शोधलं.

"आई," ती म्हणाली, "या वेळेला वेळेवर आलीस."

दोन वर्षं मी हे वाक्य ऐकायला आसुसले होते. ते कानावर पडलं आणि मला ते एकटीने घेववेना. मी शेजारच्या म्हातारीचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"आलो न्हाई गं बाळ," मी म्हटलं. "ह्यांनी आणली मला."